नसण्याचे पॉइंट

जैसलमेरच्या सहलीचा छापील कार्यक्रम कोणाकडूनही मागवून बघा. किल्ला दोन तास, हवेल्या दीड तास, कुलधरा एक तास, तनोट आणि लोंगेवाला पूर्ण दिवस, समच्या वाळूत उंटावरून सूर्यास्त, मग लोकनृत्य आणि पोटभर जेवण. या सगळ्याच्या फटीत एक ओळ दडपून बसवलेली असते : ‘जाता जाता डेझर्ट नॅशनल पार्क (गाडीतूनच)’. गाडीतूनच! ३१६२ चौरस किलोमीटरचा प्रदेश आहे हा. अख्खी बृहन्मुंबई पाच वेळा शेजारी शेजारी अंथरली तरी कडेला चपला काढायला जागा उरेल. तो आपण डावीकडच्या खिडकीतून उरकतो, आणि तोही फक्त डावीकडे बसलेले. उजवीकडच्यांच्या माना तोवर दालबाटीच्या अमलाखाली छातीवर आलेल्या असतात. हीच माणसं दुसऱ्या दिवशी पहाटे उठून, कानटोप्या घालून, न फुटलेले बॉम्ब बघायला सव्वाशे किलोमीटर जातात आणि तेवढीच परत येतात. यावर शहाण्या लोकांचं उत्तर ठरलेलं आहे : लोकांना निसर्गाचं काही नाही, त्यांना नुसता तमाशा हवा. मला हे पटत नाही. लोक वाटतात तितके उथळ नसतात, आणि जेव्हा असतात तेव्हाही त्यांच्या उथळपणाला एक काटेकोर शिस्त असते. ती शिस्त अशी की, जे नाही ते बघायला माणूस कितीही लांब जायला तयार असतो. फक्त ते कसं नाहीसं झालं, किंवा का घडलं नाही, हे सांगणारा एक जण तिथे उभा असला पाहिजे.

पुरावा म्हणून कुलधरा घ्या. तिथे काय आहे याचं प्रामाणिक उत्तर ‘कोणी नाही’ असं आहे. छपरं गेलेल्या दगडी घरांच्या ओळी, आखीव गल्ल्या, एक देऊळ आणि फाटकावर तिकीट. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पालीवाल ब्राह्मण हे गाव सोडून गेले. का गेले? गाइड सांगतो की जैसलमेरचा दिवाण सालिम सिंग याचा मुखियाच्या मुलीवर डोळा होता. अब्रूसाठी चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत उठली, आणि जाताना शाप देऊन गेली की इथे पुन्हा कोणी वसणार नाही. आपण मान डोलावतो. अकरा जणांचं आपलं कुटुंब सकाळी सात वाजता हॉटेलातून बाहेर काढता येत नाही. एकाची आंघोळ राहिलेली असते, एकीला चार्जर सापडत नसतो. पण चौऱ्याऐंशी गावं भांडीकुंडी, गुरंवासरं आणि म्हाताऱ्यांसकट रातोरात, आवाज न करता निघून गेली, यावर कोणाला शंका येत नाही. अभ्यासकांचं म्हणणं बरंच सपक आहे : पाणी आटत गेलं, सारा वाढत गेला, लोक निघून गेले, एका अभ्यासात भूकंपाचीही शक्यता मांडलेली आहे. पण सारा वाढला म्हणून लोक गेले, ही गोष्ट ऐकायला तिकीट कोण काढील? कोकणात अशी कुलूपबंद घरं वाडीवाडीला आहेत. त्यांच्या अंगणात उभं राहून कोणी सेल्फी काढत नाही, कारण घरवाले कुठे गेले ते आपल्याला ठाऊक असतं : नालासोपाऱ्याला. याच पालीवालांनी बांध घालून पावसाचं पाणी अडवलं आणि जेमतेम पावसाच्या मुलखात गहू-हरभरा पिकवला. त्या जमिनीला खडीन म्हणतात. एवढं शहाणपण गाइड अर्ध्या वाक्यात संपवतो, कारण पुढच्या वाक्यात त्याला भुताकडे यायचं असतं. भुताची व्यवस्थाही चोख आहे. “गाइडसाब, भूत किधर है?” “भूत रात को, साब.” “तो रात को आयेंगे ना!” “रात को गेट बंद, साब.” गंमत म्हणजे सालिम सिंगची हवेलीही त्याच कार्यक्रमात असते. सकाळी तिच्या मोराच्या आकाराच्या तोड्यांखाली उभं राहून ‘काय कलाकुसर आहे!’ म्हणायचं, आणि दुपारी त्याच माणसामुळे परागंदा झालेल्यांसाठी ‘च्च च्च’ करायचं. दोन्हींना तिकीट वेगळं.

तनोटचंही तेच. १९६५च्या युद्धात इथल्या देवीच्या देवळाच्या परिसरात तीन हजार बॉम्ब पडले आणि देवळाच्या आवारातले फुटले नाहीत, असं सांगतात. त्यातले काही काचेच्या कपाटात ठेवलेले आहेत. देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दलाकडे आहे, त्यामुळे रांग सरळ असते आणि नवसाचे रुमालही शिस्तीत बांधलेले दिसतात. आता नीट विचार करा : फुटलेला बॉम्ब जगात कुठेही बघायला मिळतो, म्हणजे त्याचा खड्डा मिळतो. न फुटलेला बॉम्ब म्हणजे निव्वळ न घडलेली गोष्ट. ती बघताना माणसं खरोखर हात जोडतात, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. जे घडलं नाही त्याबद्दल कृतज्ञ राहावं अशा जागा आपल्याकडे कमीच आहेत. पुण्याहून स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांच्या वाटेवर, जोधपूर-पाली रस्त्याला, काचेत ठेवलेली एक बुलेट मोटरसायकल लागते. तिचा मालक तिथेच अपघातात गेला. पोलिसांनी गाडी ठाण्यात नेली, ती पुन्हा पुन्हा आपल्या पायांनी अपघाताच्या जागी परत आली, अशी कथा आहे. आज तिथे ओम बन्नांचं देवस्थान आहे. हार-फुलं वाहतात, दारूही वाहतात, आणि पुढचा प्रवास सुखरूप होवो म्हणून प्रार्थना करतात. स्वतःच्या गाडीचं सर्व्हिसिंग तीन महिने लांबवलेली माणसं एका न चालणाऱ्या गाडीपुढे दहा मिनिटं डोळे मिटून उभी राहतात. ही जागा जैसलमेरपासून तीनशेहून अधिक किलोमीटर आहे, पण कार्यक्रमपत्रिकेच्या भूगोलात ती ‘जवळच’ असते.

कोणी म्हणेल, हे तर अंधश्रद्धेचं प्रकरण झालं. भूत आणि चमत्कार काढून टाकले तर नसण्याला कोण विचारतो? आक्षेप रास्त आहे, आणि त्याची परीक्षा जैसलमेरच्या जवळच घेता येते. बाडमेर रस्त्याला सतरा-अठरा किलोमीटरवर आकलचं जीवाश्म उद्यान आहे. अठरा कोटी वर्षांपूर्वी इथे जंगल होतं. त्यातली खोडं गाडली गेली, दगड झाली आणि वर आली. सर्वांत लांब खोड १३ मीटरच्या घरातलं आहे. नसण्याच्या हिशेबात याच्यापुढे कुलधरा म्हणजे परवाची गोष्ट. त्या ओंडक्यांवर लोखंडी जाळीचे पिंजरे आणि वर पत्रा आहे. अठरा कोटी वर्षांत जागचा न हललेला प्राणी पिंजऱ्यात बघण्याचा योग दुसरीकडे येणार नाही. तरी तिथे गर्दी बेताचीच, आणि संवाद साधारण असा : “अहो, हे लाकूडच आहे की.” “लाकूड नाही, दगड आहे तो.” “मग लाकडासारखा का दिसतोय?” “लाकडाचाच झालाय.” “मग त्यात बघायचं काय?” काकांकडे उत्तर नसतं आणि गाडी फिरते. इथे ना दिवाण, ना मुखियाची मुलगी, ना शाप. वाळू आणि काळ यांनी सावकाश केलेलं काम कोणाला रडवत नाही. मात्र याचा अर्थ लोकांना भूतच लागतं असा नव्हे. त्यांना पात्रं लागतात. लोंगेवाल्यात भूत नाही, चमत्कार नाही. डिसेंबर १९७१च्या त्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांच्या सव्वाशेच्या आतबाहेर जवानांनी काय केलं हे कोणीतरी सांगतं, आणि बाकीचं ‘बॉर्डर’ नावाच्या सिनेमाने १९९७ पासून सांगून ठेवलेलं आहे. म्हणून वाळूत रुतलेल्या रणगाड्यापुढे लहान पोरंसुद्धा गप्प उभी राहतात.

या बाबतीत मराठी माणसाचा हात कोणी धरू शकत नाही, कारण आपली तालीम लहानपणापासून झालेली असते. रायगडावर नेलेल्या शाळेच्या सहलीला काय दाखवतात? जोती. इथे राणीवसा होता, इथे अष्टप्रधानांचे वाडे होते, इथे बाजारपेठ होती आणि घोड्यावर बसल्या बसल्या खरेदी करता यावी म्हणून दुकानांची जोती एवढी उंच. पोरं त्या चौथऱ्यांकडे बघतात आणि त्यांना घोडे दिसतात, कापडाचे तागे दिसतात, घासाघीस ऐकू येते. नसलेला वाडा डोळ्यांसमोर उभा करण्यात जो दहाव्या वर्षी पारंगत झाला, त्याला कुलधऱ्यात भूत बघायला कितीसे कष्ट पडणार? त्याचा दोष नाही, उलट हे शिक्षण आहे. पण त्यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि माझ्या मुद्द्याची खरी कसोटी तिथेच आहे. नसणं एवढं लोकप्रिय असेल, तर डेझर्ट नॅशनल पार्क यादीत पहिलं यायला हवं. कारण नसण्याच्या बाबतीत त्याची बरोबरी कोणी करू शकत नाही. मुळात ते कायद्याने राष्ट्रीय उद्यानच नाही. १९८०च्या सुमारास अभयारण्य म्हणून जाहीर झालं, राष्ट्रीय उद्यानाची अंतिम अधिसूचना काही निघाली नाही, आणि पाटी मात्र पुढे गेली. त्यात झाडं नाहीत म्हणावी इतकी तुरळक, पाणी नाही, वाघ नाही, आणि ज्या वाळूसाठी आपण आलो ती वाळूही जेमतेम एक पंचमांश भागात. बाकी खडकाळ माळ, मुरूम, सेवण गवत, मधूनच एखादी खेजडी, एखादी केराची झुडूपवजा जाळी. “भैया, इधर वाघबीघ कुछ है क्या?” “नहीं साब.” “हत्ती?” “नहीं साब.” “तो फिर है क्या?” “गोडावण है साब.” “किधर?” “अभी तो नहीं दिखेगा.” मग मागच्या सीटवरून शेवटचा घाव : “अहो, हे तर आपल्या सांगोल्यासारखं दिसतंय! एवढ्यासाठी हजार-बाराशे किलोमीटर?”

वहिनींचं हे वाक्य हसण्यावारी नेलं जातं, पण संपूर्ण सहलीत कोणी केलेलं ते सर्वांत अचूक निरीक्षण असतं. दिसतं सांगोल्यासारखंच. म्हणूनच राजस्थानात ज्याला गोडावण म्हणतात तो पक्षी सोलापूरच्या माळावरही होता. आपण त्याला माळढोक म्हणतो. पण ते सांगायला तिथे कोणी उभं नसतं. ड्रायव्हरने वेग कमी केलेला नसतो, आणि ३१६२ चौरस किलोमीटरांत एकही चौथरा असा नसतो की ज्यावर उभं राहून गाइडने हात लांब करावा. गोष्ट नाही म्हणून नसणं फुकट गेलं, एवढंच. कोणी विचारील, मग समचं काय? तिथे तर वाळू खरोखर आहे आणि लोकही खरोखर जातात. जातात, पण वाळू बघून येतात का ते तपासावं लागेल. सूर्यास्ताच्या वेळी समच्या टेकाडांवर उंटांचे पाय, जिपांचा धूर, चहावाल्यांच्या किटल्या आणि वेफर्सच्या पिशव्या असं जे काही असतं, त्याच्या खाली वाळू असावी असा फक्त अंदाज बांधता येतो. सूर्य मावळतो तो पुढच्या माणसाच्या मोबाइलमध्ये. उंटावर चढलेल्या काकांना तर त्या वेळी सूर्यापेक्षा आपण खाली कसे उतरणार याची काळजी असते, कारण उंट आधी मागचे पाय उचलतो ही माहिती त्यांना वर बसल्यावर मिळालेली असते. रात्री तंबूंच्या मधल्या चौकात कालबेलिया नाच होतो. २०१०मध्ये ‘युनेस्को’च्या यादीत गेलेली ही कला आपण पनीर पकोडा येईपर्यंत मन लावून बघतो. मग कोणत्या तरी जिल्ह्याच्या ग्रुपची फर्माईश येते, आणि वाळवंटाच्या मध्यरात्री आपलीच वरातीतली गाणी लागतात. वाळवंटात जाऊन वाळवंट नसल्याची सोय, असं याचं वर्णन केलं तर ते अन्यायाचं ठरणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : माळढोक काही भूत नव्हे, तो आहे आणि धीर धरला तर दिसतो. खरं आहे. उद्यानातल्या सुदासरीच्या कुंपणबंद भागाकडे पहाटे जाऊन बसलं, आणि वनरक्षकाची मर्जी व नशीब दोन्ही बरं असलं, तर दुर्बिणीतून दिसतोही. “ती खेजडी दिसली? तिच्या डावीकडे पांढरी काठी.” “दिसली. हलत नाहीये.” “हलेल.” पंधरा मिनिटांनी काठी वाकते, जमिनीवरचा एक टोळ टिपते आणि पुन्हा काठी होते. मीटरभर उंचीचा, पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा, जगातल्या सर्वांत जड उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक. डोक्यावर काळी टोपी, लांब पांढरी मान, तपकिरी पंख. विणीच्या दिवसांत नर गळ्याखालची पिशवी फुगवून जवळजवळ पायांपर्यंत लोंबवतो आणि घुमतो. पण तो काळ पावसाळ्याचा, आणि आपण जातो दिवाळीच्या सुट्टीत. एकूण, स्वतःची जाहिरात करण्यात हा पक्षी अगदी कच्चा आहे. राष्ट्रीय पक्षी निवडायचा होता तेव्हा सालिम अलींनी याचा आग्रह धरला होता. १९६३ साली मान गेला मोराला. त्यात नवल नाही. मोराच्या बाजूने त्याचा पिसारा बोलत होता आणि माळढोकाच्या बाजूने सालिम अली. मोर देवळाच्या कळसावर येतो, पोथीत येतो, पैठणीच्या पदरावर येतो. माळढोक माणूस दिसला की मान खाली घालून गवतात चालू लागतो. सेल्फी घ्यायची तर त्याची पाठ आणि आपलं हसू एवढंच येईल.

मग गोष्ट रचा, असं सांगणारे सूज्ञ लोक इथे हमखास पुढे येतात. मनोरा बांधा, गाइड नेमा, माळढोकाच्या जोडीची एखादी प्रेमकथा तयार करा, तिकीट लावा, लोक येतील. येतील यात शंकाच नाही, आणि तीच अडचण आहे. हा पक्षी उघड्या जमिनीवर, बहुतेक वेळा एकच अंडं घालतो. त्या अंड्याच्या आसपास चाळीस टेम्पो ट्रॅव्हलर उभ्या राहिल्या, ‘अंडा किधर है’ म्हणून पोरं गवतात घुसली, आणि थर्मासातला चहा सांडत कोणी चकल्यांचा डबा उघडला, तर पुढचं अंडं घालायची इच्छा कोणाला राहील? आता सगळे मिळून दीडशेच्या आत उरले आहेत असं म्हणतात. समला २०१९ पासून कृत्रिम प्रजनन चालू आहे. २०२४मध्ये कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्मलं तेव्हा त्याची बातमी झाली. इतक्या मुश्किलीने वाढवायच्या जिवाला पर्यटकांपासून लांब ठेवण्याचं काम सध्या कोण करतंय, हे शांतपणे बघितलं तर उत्तर मजेशीर निघतं. कुलधऱ्याचं भूत, तनोटचे बॉम्ब आणि पालीची बुलेट. हंगामात जी गर्दी माळावर सांडली असती, ती हे तिघे मधल्या मध्ये अडवतात. वनखात्याने कुलधऱ्याच्या भुताला मानद वनरक्षकाचं पद द्यायला हरकत नाही; पगार मागणार नाही आणि रात्रपाळी तो करतोच आहे.

अर्थात भुताच्या हातात सगळं नाही. तंबूंमधला डीजे कुंपण मानत नाही. शिवाय विजेच्या तारा आहेत. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरचं त्याला नीट दिसत नाही. त्यात अंग जड, त्यामुळे तार दिसली तरी ऐनवेळी वळता येत नाही. त्या तारा येतात पवनचक्क्यांकडून आणि सौर प्रकल्पांकडून, म्हणजे पर्यावरण वाचवायला उभारलेल्या गोष्टींकडून. इथे विनोद करायला लेखकाची गरज उरत नाही. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं, २०२४मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. समितीला अहवाल देता येतो, माळढोकाला वळता येत नाही.

माझ्या मांडणीचा धागा पुढे ओढला तर या उद्यानाचं भवितव्य उज्ज्वल आहे, हे नाइलाजाने मान्य करावं लागतं. आज ते मागे पडतं कारण पक्षी अजून थोडा थोडा आहे, आणि थोडंसं असलेलं काही ना दिसतं ना गोष्ट होतं. शेवटचा गेला की सगळं सुरळीत होईल. फाटक येईल, तिकीट येईल. गाइड हात लांब करून ‘यहाँ आखरी गोडावण देखा गया था’ म्हणेल, त्यात एक दिवाण आणि एक शापही कालांतराने येईल, आणि कार्यक्रमपत्रिकेत ‘गाडीतूनच’ जाऊन ‘एक तास’ लिहिलं जाईल. ही कल्पना अतिशयोक्त वाटत असेल तर राजस्थानपर्यंत जायचंही कारण नाही. सोलापूरजवळ नान्नजला आपलं माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे. सुरुवातीला ते कागदावर जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं, म्हणजे गावं, बाजार, उसाचे फड आणि तालुक्यांच्या कचेऱ्यांसकट. पुढे आटवत आटवत बाराशेच्या घरात आणलं. क्षेत्र आटलं तसा पक्षीही आटला. आता एखादा दिसला तर पेपरात छापून येतं. तरी रविवारी गाड्या येतात. काळवीट भरपूर आहेत, नशीब असेल तर लांडगाही दिसतो. मुलं हरणं मोजतात, बाबा कमानीखाली सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं करतात आणि पाटीवरचा माळढोक फोटोत पूर्ण यावा म्हणून आजोबांना थोडं डावीकडे सरकायला सांगतात.